माका म्हणून छापली ती एकदांडी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत माक्याच्या औषधी उपयोगांवर आलेला लेख वाचला. मजकूर बराचसा बरोबर आहे, पण सोबतचे छायाचित्र माक्याचे नसून एकदांडीचे आहे. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोन्ही तण म्हणून आपसूक उगवणाऱ्या आणि दुरून पांढुरक्या फुलांच्या, त्यामुळे गल्लत नेहमीचीच. मात्र लेखात रस पोटात घ्यायला सांगितला आहे आणि वाचक पाला खुडणार तो चित्र पाहून. म्हणून हा खुलासा जरा सविस्तर.

एकदांडीला (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स) वीतभर उंच, बिनपानांची दांडी असते आणि तिच्या टोकाला एकच फूल. मधला भाग पिवळा, भोवती पाच-सहा रुंद फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. बी पिकले की केसाळ तुऱ्यासह वाऱ्यावर उडते. माक्याचे (एक्लिप्टा प्रोस्ट्राटा) फूल जेमतेम सात-आठ मिलिमीटरचे, पानाच्या बगलेतून निघालेल्या देठावर. पाकळ्या पांढऱ्या, दोऱ्यासारख्या बारीक आणि दाटीवाटीने बसलेल्या. मधला भागही पांढरटच. पाने समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, लांबट आणि हाताला खरखरीत. खोड तांबूस, ओल्या मातीला टेकलेल्या पेरांना मुळे फुटलेली. बियांना केसाचा तुरा नसतो. तरीही शंका उरली तर खोड मोडून पाहावे. माका असेल तर मोडलेली जागा थोड्याच वेळात निळसर काळी पडते आणि चुरगळणाऱ्याची बोटेही काळी होतात. एकदांडीचा रस असा काळा पडत नाही.

पिवळ्या फुलांचा माकाही वैद्यकात वापरतात, पण ती वेगळी वनस्पती. आणि बागेत जमीन झाकायला लावतात ती चकचकीत पानांची, पिवळ्या फुलांची पसरणारी वेल हा तो पिवळा माकासुद्धा नव्हे; ती अमेरिकेतून आलेली त्याची भावकी आहे. तिचे तेल काढणाऱ्यांनी आपला वेळ वाया घालवू नये.

एकदांडी निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. तिला जखमजोडी म्हणतात ते उगाच नव्हे. पाने स्वच्छ धुऊन, ठेचून रस किरकोळ कापल्यावर लावला की रक्त थांबायला मदत होते, हा सर्वत्र आढळणारा वापर आहे. जखम खोल असेल, आत माती गेली असेल किंवा गंजलेल्या लोखंडाने झाली असेल, तर पाला न लावता ती धुऊन दवाखाना गाठावा. धनुर्वाताला पाल्याचा उतारा नाही.

लेखात माका कुठला घ्यावा, हे अजिबात आलेले नाही. माझ्या मते ओळखीइतकेच ते महत्त्वाचे आहे. माक्याला ओल लागते, त्यामुळे तो सर्वांत जोमदार दिसतो तो गटाराच्या काठी आणि सांडपाण्याच्या ओहोळात. नेमका तोच टाळायचा. कावीळ झालेल्या माणसाला अशा जागेच्या माक्याचा कच्चा रस पाजला, तर ज्या दूषित पाण्यातून अ प्रकारची कावीळ पसरते तेच पाणी आपण त्याच्या किंवा घरातल्या दुसऱ्याच्या पोटात घालतो. रस कच्चा असतो, उकळलेला नसतो, हे लक्षात घ्या. तणनाशक मारलेले बांध आणि रहदारीच्या रस्त्याची कडही नको. कुंडीत तो सहज येतो. पेरांना मुळे असलेला तुकडा ओल्या मातीत खोचला की पुरे. फुले येऊ लागली की जमिनीपासून चार बोटे वर कापावा. चिखल लागलेली खालची खोडे टाकून द्यावीत, उरलेला पाला तीन पाण्यांतून काढून निथळू द्यावा.

आता तेल. लेखात ‘मूठभर पाला तेलात उकळा’ असे म्हटले आहे. त्याने तेल हिरवे होते, एवढेच. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला नियम असा: तेलाच्या चौपट स्वरस, म्हणजे ताज्या पाल्याचा पिळलेला रस, आणि, द्रव स्वरस असेल तर, तेलाच्या आठव्या हिश्शाइतका कल्क, म्हणजे वाटलेल्या पाल्याचा गोळा. घरच्यापुरते पाव लिटर तिळाचे तेल घेतले तर एक लिटर रस आणि साधारण ३० ग्रॅम कल्क. एक लिटर रसाला अडीच-तीन किलो ताजा पाला सहज लागतो. तो किती रसाळ आहे त्यावर कमी-जास्त. म्हणूनच पाणी ओतून रस ‘वाढवण्याचा’ मोह होतो. तसे केल्यास तेल तितकेच तास आटवावे लागते आणि हाती येते पातळ औषध. ताजा माका नसेल तर सुक्याचा काढा करावा: आठपट पाणी, आटवून चौथा हिस्सा. मग कल्क सहाव्या हिश्शाइतका घ्यायचा.

भांडे एकूण द्रवाच्या तिप्पट तरी मोठे हवे, कारण सुरुवातीला रसाचा फेस वर चढतो आणि उतू गेलेले तेल आगीवर पडते. तेल, रस, कल्क थंड असतानाच एकत्र करावे. तापलेल्या तेलात रस ओतला की ते अंगावर उडते. आच मंद, आणि ढवळणे तळापर्यंत, कारण कल्क जड होऊन खाली बसतो आणि करपतो. करपलेला वास तेलातून नंतर जात नाही. एका दिवसात आटोपू नये, हेही त्या ग्रंथात सांगितले आहे. पहिल्या दिवशी उकळी आणून तासभर शिजवावे, दुसऱ्या दिवशी पूर्ण करावे. पावसाळी दमट हवेत मात्र एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये, आंबते.

तेल झाले हे ओळखण्याच्या तीन खुणा. कल्क बोटांत वळला की त्याची वात होते. ती वात आगीवर धरली की तडतडत नाही. तडतडली तर पाणी बाकी आहे. आणि रस आटल्यावर शांत झालेल्या तेलावर पुन्हा फेस येतो. तुपात याच्या उलट, फेस मावळतो. डोक्याला लावायच्या तेलाचा कल्क थोडा खरखरीत होईपर्यंत न्यावा, नाकात घालायच्या तेलाचा मऊ असतानाच थांबावे. गरम असतानाच कापडातून गाळून, निवल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे. तळाशी थेंब दिसले किंवा तेल गढूळ राहिले तर पाणी राहिले आहे. असे तेल लवकर खवट होते.

लोखंडी कढईत तेल काळेभोर होते, आणि काळे म्हणजे जोरदार असा समज आहे. तो रंग बराचसा लोखंडाचा असतो. पांढरे केस मुळातून काळे होतात, हेही खरे मानू नये. केसावर चढतो तो रंग. उंदरांवरच्या प्रयोगांत माक्याच्या अर्काने केसांची वाढ लवकर सुरू झाल्याचे दिसले आहे, पण टकलावर केस उगवण्याचे आश्वासन द्यायला तेवढे पुरत नाही.

पोटात घ्यायच्या स्वरसाची आयुर्वेदीय मात्रा ३ ते ६ मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान चमचा. लेखात ‘एक पेला’ आहे, तो कुठून आला कळत नाही. गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी वैद्य-डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काविळीत सतत उलट्या, गुंगी, बरळणे, पांढरट शौच किंवा हिरड्यांतून रक्त यांपैकी काही असेल, तर पाला बाजूला ठेवून आधी रक्ततपासणी करावी.

साप चावल्यावर माका लावण्याचा उल्लेख तर पुढच्या अंकात मागेच घ्यावा. माक्यातल्या वेडेलोलॅक्टोन या द्रव्याने काही सापांच्या विषामुळे होणारी स्नायूंची हानी कमी झाल्याचे प्रयोगशाळेत दिसले, ते खरे. पण शुद्ध केलेले द्रव्य ठरावीक प्रमाणात देणे वेगळे आणि दंशावर पाला चोळणे वेगळे. नागाच्या विषाने श्वास बंद पडायला फार वेळ लागत नाही. त्या वेळात रुग्णाला हलू न देता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे असते.

आपला,
एक वाचक