हर-टूबद्दल पण छापा ना

संपादक साहेब, नमस्कार. ब्रेस्ट कॅन्सरवर पेपरात जे येतं ते गाठ तपासा, मॅमोग्राफी करा इथपर्यंतच, पुढे बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की त्यातलं हर-टू (HER2) म्हणजे काय हे घरच्यांना कोणी धड सांगत नाही. मावशीच्या रिपोर्टवर हर-टूपुढे टू प्लस होतं, तर घरात सगळ्यांना वाटलं दुसरी स्टेज! अहो, स्टेजचा काही संबंधच नाही. हर-टू हा १७व्या क्रोमोसोमवरचा जीन, त्याचं प्रोटीन पेशीच्या आवरणात अँटेनासारखं बसतं, तिथल्याच दुसऱ्या प्रोटीनशी जोडी जमवतं आणि आत वाढायचा निरोप धाडतं. साधारण १५ ते २० टक्के पेशंटमध्ये ट्यूमरच्या पेशीत हे प्रोटीन खूप जास्त बनतं, बहुतेक वेळा जीनच्या कॉप्याच वाढलेल्या असतात, मग निरोप थांबतच नाही. हे प्रोटीन किती आहे त्याचा आकडा रिपोर्टवर असतो, थ्री प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, टू प्लस म्हणजे अजून नक्की नाही, मग जीनच्या कॉप्या मोजणारी फिश (FISH) टेस्ट करून घ्यायची, खर्च बघून ती टाळू नका प्लीज, कारण पॉझिटिव्ह निघालं तर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला अडवणारं औषध देता येतं, १९९८ला अमेरिकेत मंजूर झालेलं, आणि आता भारतात बनलेली त्याची स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे जवळपास तशीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं, पण मिळतात, फक्त मधूनमधून हार्टची टू-डी इको करावी लागते. पुरवणीत एवढं तरी सविस्तर छापा.
– एक वाचक