पडद्यावरची मिस्सा पुरेशी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘देव सगळीकडे आहे, मग रविवारी चर्चमध्येच कशाला जायचे?’ हा प्रश्न कॅथलिक कुटुंबांत आता उघडपणे विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुतेक जण अश्रद्ध नसतात. ते घरी प्रार्थना करतात, बायबल वाचतात, अडल्यानडल्याला मदतही करतात. २०२० साली महासाथीत चर्चची दारे बंद झाली तेव्हा पडद्यावर मिस्सा (धर्मगुरूंनी वेदीवर चालवलेली सामुदायिक उपासना) पाहण्याची जी सोय झाली, ती त्यांना आजही पुरेशी वाटते. त्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. मात्र रविवारची मिस्सा ही एकट्याने करायच्या प्रार्थनेचीच मोठी आवृत्ती आहे, हे त्यांचे गृहीतक मला मान्य नाही.

मिस्सेतील प्रार्थनाच पाहाव्यात. आरंभी पापांची कबुली देताना भाविक ती सर्वसमर्थ देवापाशी देतो, तशीच जमलेल्या बंधुभगिनींपाशीही देतो आणि ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ अशी विनवणी त्यांना करतो. शेजारी कोणी नसेल तर ही विनवणी कोणाला? ज्याच्याशी आठवडाभर अबोला आहे तो नेमका पुढच्या बाकावर असतो आणि कम्युनियनपूर्वी (ख्रिस्तशरीर म्हणून पवित्र केलेली भाकर स्वीकारण्यापूर्वी) शांतीची खूण देण्यासाठी मागे वळतो, तेव्हा नजर चुकवणे सोपे नसते. घरात कोणाबरोबर प्रार्थना करायची हे आपण ठरवू शकतो, चर्चमध्ये शेजारी कोण बसेल हे ठरवू शकत नाही. सामुदायिक उपासनेची खरी कसोटी मला इथेच दिसते.

हे काही अलीकडचे वळण नव्हे. इ. स. १५५च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या ख्रिस्ती धर्माच्या समर्थनपत्रात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. शहरांत आणि खेड्यांत राहणारे सर्व जण एकत्र येतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जातात, प्रमुख उपदेश करतो, सारे उठून प्रार्थना करतात, भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाते आणि आभारप्रार्थनेच्या शेवटी लोक ‘आमेन’ म्हणतात. आजच्या मिस्सेचा क्रम ठाऊक असलेल्या कोणालाही यात अनोळखी काही वाटणार नाही. पण त्यांनी पुढे लिहिलेल्या दोन गोष्टी मला अधिक मोलाच्या वाटतात: जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी डीकन (धर्मगुरूंचे साहाय्यक) त्यांचा वाटा घेऊन जात, आणि ऐपतीप्रमाणे दिलेले दान प्रमुखाकडे जमा होऊन अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परक्या प्रवाशांच्या उपयोगी पडे. आजही मिस्सा संपल्यावर लहान गोल डबीत ख्रिस्तशरीर घेऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी कोणीतरी जाते. त्या रुग्णाला मोबाइलवर मिस्सा लावून देता येईल. ख्रिस्तशरीर मात्र वेदीपासून त्याच्यापर्यंत कोणीतरी स्वतः जाऊनच पोचवावे लागते.

‘आठवड्यातून एकच सुटी मिळते’ ही सबब तर इतिहासात टिकतच नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला तो ३२१ साली. तोवर रविवार हा रोमन साम्राज्यात कामाचाच दिवस होता, तरीही ख्रिस्ती लोक जमत राहिले. ३०४ साली उत्तर आफ्रिकेतील अबितिना येथे, सम्राट डायोक्लेशियनची बंदी मोडून उपासनेसाठी जमलेले ४९ जण पकडले गेले. ज्याच्या घरी ते जमले त्या एमेरितसला न्यायाधीशाने जाब विचारला, तेव्हा प्रभूच्या या उपासनेशिवाय आम्हाला राहता येत नाही, असे उत्तर त्याने दिले. घरात एकेकट्याने प्रार्थना करण्याचा मार्ग त्यांना माहीत नव्हता असे कोण म्हणेल?

ख्रिस्तसभेचा नियमही वाटतो तितका कठोर नाही. १९८३च्या धर्मसंहितेनुसार (ख्रिस्तसभेच्या कायद्यांच्या संग्रहानुसार) शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पार पडते, आणि आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल अशा गंभीर कारणासाठी माणूस त्यातून मोकळाही असतो. पडद्यावरची मिस्सा अशांसाठी आधार आहे, याबद्दल वाद नाही. धडधाकट माणसाने ती कायमची सोय करून घेऊ नये.

दोष केवळ न येणाऱ्यांचा आहे असेही मी म्हणणार नाही. प्रवचनाची तयारी नसणे, गायन चारदोन जणांच्या हाती सोपवून बाकीच्यांनी गप्प बसणे, नव्याने आलेल्याची कोणी साधी विचारपूसही न करणे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६३ साली मागितलेल्या संपूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागाशी विसंगत आहे. म्हणूनच धर्मगुरू आणि पॅरिश कौन्सिल (स्थानिक चर्चची सल्लागार समिती) यांना माझी विनंती आहे की, पाळीत काम करणाऱ्यांना जमेल अशा वेळी एक तरी मिस्सा ठेवावी, आणि जे यायचे थांबले आहेत त्यांच्या घरी जाऊन, त्यांना बोल न लावता, ते का थांबले हे आधी ऐकून घ्यावे.

आपला,
एक कॅथलिक वाचक