तैवानची 'आदिवासी भाषा' एक नाही हो

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत तैवानवरचा लेख वाचला, मस्त होता, पण त्यात 'तिथल्या आदिवासींची भाषा' असं सरसकट लिहून टाकलंय ते काही पटलं नाही. एक भाषा नाहीये ती! रॉबर्ट ब्लस्ट या भाषाशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये, या भाषा ज्यात मोडतात त्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुटुंबाच्या दहा मुख्य शाखा मांडल्या आणि त्यातल्या नऊ एकट्या तैवानात, उरलेल्या दहावीत मलय, टागालोग, मादागास्करची मालागासी, हवाई, माओरी असं सगळं कोंबलंय, म्हणजे बघा. गंमत म्हणजे तैवानच्याच लानयू बेटावरची यामी भाषा या नऊ शाखांत बसत नाही, ती फिलिपिन्सकडच्या बातानेस बेटांवरच्या भाषांची सख्खी बहीण.

अर्थात यावरही भांडणं आहेतच. लॉरां सागार नावाचे फ्रेंच अभ्यासक आकड्यांच्या नावांवरून या भाषांची वेगळीच वंशावळ मांडतात. तैवानातल्याच पाझेह भाषेत पाचला 'खासेप' आणि सातला 'खासेबिदुसा', म्हणजे चक्क पाच नि दोन, तर बाकी बऱ्याच ठिकाणी सातला सरळ 'पितु'. सागार म्हणतात 'पितु' नंतर आला, तो ज्या भाषांत आहे त्यांचा एक गट. मला हे वाचायला भारी वाटतं पण नुसत्या आकड्यांवर एवढी इमारत उभी करायची म्हणजे जरा धाडसच. पाझेह अस्खलित बोलणारी शेवटची आजी 2010 मध्ये गेली, आता विचारणार कोणाला?

पुढच्या वेळी निदान 'भाषा'च्या जागी 'भाषांपैकी अमुक' आणि तिचं नाव तरी छापा.
– एक नियमित वाचक, पुणे