रिचार्जेबल मोठे सेल जुन्या टॉर्चला न लागल्याबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'डी' आकाराचे म्हणून विकलेले रिचार्जेबल सेल टॉर्चमध्ये न चालणे, आत लहान सेल निघणे, आणि पैसे परत मिळणे

महोदय,
स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या गावात राहते. आमचं नारळी-पोफळीचं आगर आहे. घरात वडिलांच्या वेळची तीन सेलची टॉर्च आहे, पितळी अंगाची, वरून क्रोमचा मुलामा असलेली. तिच्यासाठी मी तुमच्या कंपनीचे मोठे रिचार्जेबल सेल आणि चार्जर घेतला. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. पाकिटावर पुढच्या बाजूला 'डी साइझ' आणि 'सर्व टॉर्चसाठी योग्य' असं ठळक छापलेलं आहे. माझी तक्रार ह्याच दोन विधानांविषयी आहे.

सेल पूर्ण चार्ज करून टॉर्चमध्ये घातले, पण दिवा लागला नाही. ते काढून दुकानातले साधे सेल घातले, की दिवा लगेच लागतो. म्हणजे बटण, स्प्रिंग, बल्ब सगळं ठीक आहे. गावातल्या वायरमनने मीटर लावून पाहिलं, तर तुमच्या सेलचा विजेचा दाबही (व्होल्टेज) बरोबर भरला. मग दोष सापडला तो सेलच्या डोक्यावरच्या टोपीत. ह्या टॉर्चमध्ये बल्बखालचा संपर्काचा ठिपका प्लॅस्टिकच्या कड्याच्या आत थोडा खोल बसवलेला आहे. सेल चुकून उलटा पडला तर वीज वाहू नये, म्हणून काही टॉर्चमध्ये अशी रचना मुद्दाम केलेली असते. साध्या मोठ्या सेलची टोपी किमान दीड मिलिमीटर वर आलेली असते, ती त्या खोलगट जागेत शिरून टेकते. तुमच्या सेलची टोपी जवळजवळ सपाट आहे, ती कड्यावरच अडते. मध्ये पितळेची छोटी चकती ठेवली तेव्हा दिवा लागला. पण टॉर्च हलली की चकती सरकते. पावसात रात्री पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरताना हातातला दिवा असा मध्येच विझलेला चालत नाही. आमच्याकडे फुरसं हा विषारी साप असतो, पायाखाली काय आहे ते दिसावंच लागतं.

तुमच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. उत्तर मिळालं की रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा असतो, साधा 1.5 व्होल्टचा, त्यामुळे जुन्या टॉर्चला तो पुरत नाही, आपण नवी एलईडी टॉर्च घ्या. हे उत्तर मला मान्य नाही. निकेल मेटल हायड्राइड ह्या प्रकारचा रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा असतो हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रारच नाही. माझ्या बल्बवर 3.8 व्होल्ट, 0.3 अँपिअर असं कोरलेलं आहे. तीन रिचार्जेबल सेलचे 3.6 व्होल्ट होतात. शिवाय साधा सेल 1.5 वर सुरू होतो खरा, पण बल्ब लागला की त्याचा दाब उतरत जातो. रिचार्जेबलचा जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. चकती ठेवून पाहिलं तेव्हा उजेड उत्तम होता. तेव्हा टॉर्चच्या वयाकडे बोट दाखवू नये.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. चकती ठेवूनही दिवा अपेक्षेच्या मानाने फारच लवकर मंद झाला. सेल हाताला हलका लागतो म्हणून वाण्याच्या काट्यावर ठेवला. अल्कलाइनचा मोठा सेल साधारण 140 ग्रॅम भरतो, तुमचा त्याच्या निम्माही नाही. पुढे एका सेलचं खालचं झाकण सैल होऊन निघालं, तेव्हा आत नेहमीचा पेन्सिल सेल दिसला. बाकी सगळी पोकळी आणि प्लॅस्टिक. फोटो जोडले आहेत. पाकिटाच्या मागे, भिंगातून वाचावं इतक्या बारीक अक्षरात, 2500 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं आहे. ह्याच आकाराच्या खऱ्या रिचार्जेबल सेलची क्षमता 8,000 ते 10,000 एमएएच असते. माझ्या बल्बच्या हिशेबाने 2500 म्हणजे फार तर आठ तास, आणि 10,000 म्हणजे तीस तासांच्या वर. पेन्सिल सेल मोठ्या टॉर्चमध्ये बसवायचे प्लॅस्टिकचे डबे बाजारात स्वस्तात मिळतात. मला तेच हवं असतं तर मी ते घेतले असते. मी मोठ्या सेलचे पैसे मोजले आहेत.

हे तास आमच्यासाठी किरकोळ नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा ह्या भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वादळ नसलं तरी पावसाळ्यात तारेवर माड पडला की फिडर बंद. रात्री आगरात पंप बघायला जायचं, भाताला रानडुकरं लागली तर उठायचं, कुणाला बरं नसलं तर वरच्या वाडीतून खाली रस्त्यापर्यंत आणायचं, ह्या सगळ्याला हातात टॉर्च लागते. अशा वेळी चार्जिंगही रोज होत नाही. एकदा भरलेला सेल किती पुरेल, हे आधी कळणं म्हणूनच गरजेचं आहे.

साधे सेल सोडून मी रिचार्जेबलकडे का आले, तेही सांगते. कार्बनच्या सेलचं जस्ताचं कवच वापरताना झिजत जातं आणि मग आतला ओला मसाला बाहेर येतो. खाऱ्या, दमट हवेत स्प्रिंग आणि पितळ त्याने हिरवं पडतं. गावातल्या कितीतरी चांगल्या टॉर्च अशा वाया गेल्या. आणि संपलेले सेल टाकायचे कुठे? इथे ते गोळा करणारं कुणी नाही. ते गडग्यापलीकडे (कुंपणाच्या दगडी बांधापलीकडे) नाहीतर पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जातात आणि पऱ्या समुद्राला मिळतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तुमच्या पाकिटावर त्याविषयी पत्ता नाही, केंद्र नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सेल आणि चार्जर दोन्हींची पूर्ण किंमत परत करावी, परत पाठवण्याचा खर्च कंपनीने सोसावा. ह्यापुढे क्षमता आणि वजन पाकिटाच्या पुढच्या बाजूला, 'डी साइझ' जितक्या मोठ्या अक्षरात आहे तितक्याच मोठ्या अक्षरात छापावं. टोपी सपाट ठेवायची असेल, तर खोल संपर्काच्या टॉर्चला हा सेल लागणार नाही असं तिथेच मराठीतून लिहावं आणि 'सर्व टॉर्चसाठी योग्य' हे वाक्य काढून टाकावं. टोपी उंच असलेला, पूर्ण क्षमतेचा सेल तुम्ही बनवत असाल, तर पैशांऐवजी तो घ्यायला मी आनंदाने तयार आहे. मला मुळात तोच हवा होता, आणि आमच्या वाडीत अजून बऱ्याच घरांत अशा टॉर्च आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

सेल, चार्जर आणि पाकीट मी जपून ठेवलं आहे. तुमचा माणूस तपासायला येणार असेल तर त्याला टॉर्चही दाखवीन.

आपली,
एक ग्राहक
(ता. दापोली, जि. रत्नागिरी)

सोबत : पावतीची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे, उघडलेल्या सेलचे आणि टॉर्चच्या संपर्काचे फोटो