भाजल्यावर आधी पाणी, हळद-टूथपेस्ट नको

मा. संपादक,
स. न.

भाजलेला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा बहुतेकदा जखमेवर हळद, टूथपेस्ट नाहीतर शाई थापलेली असते. ती काढताना रुग्ण कळवळतो आणि जखम किती खोल आहे, तेही लेपामुळे लवकर कळत नाही. घरचा खरा उपचार एकच, २० मिनिटे गार पाणी. विस्तवापासून दूर झाल्यावरही कातडीत उष्णता मुरत राहते, त्यामुळे दोन तांबे ओतून भागत नाही. उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो.

सोलापुरात नळाला रोज पाणी कुठे येते, असे कोणी म्हणेल. मग पिपातले घ्या, तांब्याने सावकाश ओतत राहा. हात किंवा पाऊल भाजले असेल तर बादलीत बुडवा, पाणी कोमट झाले की बदला. मात्र मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणीच चटके देते. ते टाळून हौदातले किंवा सावलीतल्या पिपातले वापरा. बर्फ नकोच, त्याने रक्तवाहिन्या आकसून जखम आणखी बिघडते. लहान मुलाचा भाजलेला भागच भिजवा, बाकीचे अंग झाकून ठेवा. लेकरू चटकन गारठते.

पाणी घालतानाच बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. सूज चढली की त्या कापाव्या लागतात. पॉलिएस्टरचा कपडा वितळून चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीने कापा. फोड फोडू नका. वर धुतलेले मऊ सुती कापड सैल टाका. टॉवेल आपल्याच गावचा असला तरी नको, त्याचे धागे जखमेत अडकतात.

रुग्णाच्या बोटांसकट तळव्याएवढी जागा म्हणजे शरीराचा सुमारे १ टक्का. मुलांत १० आणि मोठ्यांत १५ टक्क्यांहून जास्त भाजले असेल तर शिरेतून सलाइन लागते. १०८ ला फोन करा. चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल तर टक्के मोजत बसू नका. बंद कारखान्यात धूर कोंडला असेल आणि कामगाराचा आवाज बसला किंवा थुंकीत काजळी दिसली, तर अंगावर जखम नसली तरी लगेच हलवा. घसा आतून सुजून श्वास बंद होऊ शकतो.

भाजल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. पहिल्या २४ तासांच्या सलाइनपैकी निम्मे पहिल्या ८ तासांत द्यायचे असते आणि ते तास दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्हे, भाजल्यापासून धरतात.

– भाजलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, सोलापूर