साहेब, ठाणे जिल्हा रुग्णालयाच्या ९०० खाटांच्या नव्या इमारतीत एक खोली पोटदुखीसाठी ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

ठाणे जिल्ह्यात सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मिळून मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. त्यातली २२ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. मी डॉक्टर नाही, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून, हातात अवजारं देत, पोटं इतकी पाहिली की मोजदाद नाही. बहुतेक पोटांत तेच ते निघतं: अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, हर्निया, फुटलेला अल्सर. ही ऑपरेशनं आपल्याकडे चांगली होतात, हे आधी सांगते. हे पत्र उरलेल्या पोटांबद्दल आहे, आणि त्यातलं एक माझ्या आईचं.

आई तेव्हा ८१ वर्षांची, वजन ३६ किलो, चार बाळंतपणं झालेली. उजव्या मांडीच्या आतून कळ निघायची आणि गुडघ्यापर्यंत जायची. पाय पोटाशी घेऊन पडली की बरं वाटायचं. सगळ्यांनी गुडघा धरला. एक्स-रेत झीज दिसली. त्या वयात कोणाच्या गुडघ्यात दिसत नाही? तेल झालं, पट्टा झाला, गोळ्या झाल्या. मधूनच पोट फुगायचं, दोन-चार उलट्या व्हायच्या आणि आपोआप थांबायच्या. त्याला ॲसिडिटी म्हटलं गेलं. साहेब, मीही म्हटलं. थिएटरमध्ये २२ वर्षं काढलेल्या बाईने घरच्या पोटाला ॲसिडिटी म्हटलं.

एका रात्री उलट्या थांबेनात, हिरव्या व्हायला लागल्या. जवळच्या रुग्णालयात नेलं. नाव लिहीत नाही, ड्युटीवरची पोरं बिचारी धावपळ करत होती. साध्या एक्स-रेत फुगलेली आतडी आणि पाण्याच्या पातळ्या दिसल्या. आतडं अडकलंय हे कळलं, कुठे ते कळेना. सिटी स्कॅनचं मशीन होतं, तंत्रज्ञ होता. रिपोर्ट देणारे डॉक्टर मात्र सकाळी येणार होते. म्हणून चिठ्ठीवर तीन शब्द पडले, ‘पुढील उपचारांसाठी रेफर’. कुठे, कोणाकडे, कशाच्या संशयाने, काही नाही. पुढच्या रुग्णालयाला फोनही नाही. रुग्णवाहिका मिळेपर्यंत उजाडलं. ठाण्याहून मुंबईत शिरताना लागणाऱ्या आनंदनगर नाक्यावर लहान गाड्यांचा टोल २०२४ मध्ये माफ झाला. रांगा काही माफ झाल्या नाहीत.

मुंबईत सिटीचा रिपोर्ट तासाभरात आला: ऑब्च्युरेटर हर्निया. कंबरेच्या हाडाच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक छिद्र असतं. ते बहुतेक पडद्याने झाकलेलं असतं, पण एका कोपऱ्यातून मांडीकडे जाणारी नस आणि रक्तवाहिन्या बाहेर पडतात. म्हातारपणी आतली चरबी झडली की त्या वाटेत पोकळी होते आणि आतड्याचा तुकडा तिथे शिरतो. वर मांडीचे स्नायू असल्यामुळे जांघेत गाठ दिसत नाही, हाताला लागत नाही. नस दाबली जाते म्हणून मांडी दुखते, आणि पाय दुमडला की ताण कमी होऊन आराम पडतो. या लक्षणाला हाऊशिप आणि रॉम्बर्ग या दोन डॉक्टरांचं नाव १९व्या शतकापासून आहे. शंभर हर्नियांत हा एखादाही नसतो, पण असला तर बहुधा आईसारख्याच बारीक, वयस्कर, बाळंतपणं झालेल्या बाईला. वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते कापून टोकं जोडली, छिद्र बंद केलं, आई वाचली. सर्जननी बाहेर येऊन विचारलं, “सिस्टर, मांडी किती दिवस दुखत होती?” मी म्हटलं, १४ महिने.

त्या १४ महिन्यांत सगळी लक्षणं कोणी ना कोणी पाहिली होती. मांडी हाडांच्या ओपीडीत पाहिली, उलट्या मेडिसिनच्या ओपीडीत. दोन्ही एकत्र कोणीच पाहिल्या नाहीत. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे.

बायकांचं पोट तर आणखी वाटलं जातं. सिझेरियनच्या व्रणापाशी गाठ, दर महिन्याला फुगणारी, ठणकणारी. गायनॅकवाले म्हणतात हर्निया असेल, सर्जनना दाखवा. सर्जन म्हणतात टाक्याची गाठ आहे, जाईल. कितीतरी वेळा ते व्रणातलं एंडोमेट्रिओसिस निघतं: गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी व्रणात रुजलेल्या. भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट गाठ पुरती काढली की बहुतेकींची सुटका होते. त्याआधी फक्त कोणीतरी विचारायला हवं, “बाई, पाळीच्या दिवसांतच दुखतं का?”

आणि टीबी. पोटाचा टीबी आपल्या देशात नवा नाही, पण तो सोंगं फार घेतो. तरुण मुलगी, पोटात पाणी, रक्ताच्या तपासणीत सीए-१२५ नावाचं द्रव्य वाढलेलं. घरात रडारड सुरू, कारण कोणीतरी अंडाशयाचा कर्करोग म्हणून टाकलेलं असतं. सीए-१२५ कर्करोगात वाढतं तसं पोटाच्या टीबीत वाढतं आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही. दुर्बीण घातली तर पोटाच्या आतल्या अस्तरावर पांढरे दाणे, जणू साबुदाणा सांडलेला. नुसत्या नजरेने त्यावर निकाल देता येत नाही. निकाल तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर लागतो, आणि तुकड्याचं नशीब थिएटरमधल्या बाटलीवर ठरतं.

इथे जरा थांबते, कारण हे माझं काम होतं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की पॅथॉलॉजीला चालतो, पण फॉर्मॅलिन जंतूंना मारतं. मग त्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, होऊ शकत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायची वाट जवळपास बंद होते. म्हणून तुकडे दोन घ्यायचे, एक फॉर्मॅलिनमध्ये, एक साध्या सलाइनमध्ये. सलाइनची बाटली काही मोठ्या खर्चाचं काम नाही. घाईत, रात्री, नवीन सिस्टर असली की सगळं फॉर्मॅलिनमध्ये जातं आणि नुसत्या बाटलीसाठी पोट पुन्हा उघडता येत नाही. टीबी ठरला तर औषधं सरकार फुकट देतं, बहुतेकांना ६ महिने पुरतात. ऑपरेशनने अंडाशय काढून बसलेल्या मुलीला ते नंतर सांगून काय उपयोग?

आपल्याकडे २०२१ पासून दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, ५० लाखांपर्यंत मदत मिळते, केईएम त्याचं एक केंद्र आहे. ते मुख्यतः जनुकीय आजारांसाठी आहे आणि तसंच असू द्या. आईला ५० लाख नको होते, रात्री रिपोर्ट हवा होता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं छत्र दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं, याचा आनंदच आहे. पण योजनेची मंजुरी आजाराच्या नावाने मागावी लागते. ज्याचं नावच सापडत नाही, त्याच्या सोनोग्राफ्या, सिटी, एंडोस्कोपी घरच्या खिशातून होतात. नाव सापडेपर्यंत कानातलं सोनाराकडे गेलेलं असतं.

ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या नव्या इमारतीत ९०० खाटांचं नियोजन आहे. मला त्यात एक खोली हवी आहे. आठवड्यातून एक दुपार तिथे सर्जन, गायनॅक, फिजिशियन आणि रेडिओलॉजिस्ट एका टेबलाभोवती बसावेत. ज्याचं तेच दुखणं घेऊन तीन फेऱ्या झाल्या आणि नाव सापडलं नाही, त्यालाच तिथे पाठवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात सगळी भिवंडी, मुरबाड, शहापूर दारात उभी राहील. नवीन पदं लागणार नाहीत, आहेत तेच डॉक्टर अर्धा दिवस एकत्र बसवायचे आहेत. अधिकारी सांगतील की पोट दुखलं म्हणून प्रत्येकाचा सिटी काढता येत नाही. खरं आहे, काढूही नये. किरणांचाही विचार हवा, आणि बहुतेक वेळा ॲसिडिटी ही ॲसिडिटीच असते. पण अडकलेल्या आतड्याचा सिटी मध्यरात्री निघाला तर तो तेव्हाच वाचला गेला पाहिजे. आता चित्रं क्षणात कुठेही पाठवता येतात, वाचणारा डॉक्टर नाशिकला बसलेला असला तरी चालेल. आणि रेफरच्या चिठ्ठीवर संशय काय, पुढे कोणाशी बोलणं झालं, एवढ्या दोन ओळी सक्तीच्या करा.

खोलीला वेळ लागेल, मला सरकारी कामाची सवय आहे. दोन बाटल्यांचं परिपत्रक मात्र याच महिन्यात निघू शकतं. नव्या सिस्टरांना दाखवायला कोणी हवं असेल तर मी येईन, पैसे नकोत. फक्त सकाळी १० नंतरची वेळ द्यावी. त्याआधी आईची अंघोळ आणि नाश्ता असतो.

आपली नम्र,
एक निवृत्त ओटी सिस्टर
कळवा, जि. ठाणे