कवच सापडले नाही म्हणजे जीव नव्हता, असे नाही

संपादक महोदय,

नदीमुखाच्या गाळातील सूक्ष्मजीवाश्मांवरचा कालचा लेख वाचला. अशा विषयाला अर्धे पान दिलेत, याबद्दल मनापासून आभार. पण वरच्या थरांत फोरामिनिफेरा या कवचधारी एकपेशीय सूक्ष्मजीवांची कवचे नाहीत, म्हणून प्रदूषणाने तिथले जीवन संपले, हे त्यातले ठाम विधान मला अजिबात मान्य नाही.

ही कवचे मोजण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सुरुवातीला एकदा मोजणी झालेला चिखल मी डबीत ओलाच ठेवून दिला. त्यात अमोनिया (हा वायू नव्हे, याच नावाचा फोरामिनिफेरा) याची पांढरी चुनखडी कवचे भरपूर होती. काही महिन्यांनी तीच डबी उघडली, चिखल 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एकही कवच नाही! उरली होती फक्त आतली तपकिरी अस्तरे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, पण वेटोळे तेच. हवा लागून गाळातल्या सल्फाइडचे आम्ल झाले होते आणि त्या आम्लाने चुना खाऊन टाकला होता. त्या दिवशी मला रडू आले होते.

डबीत झाले तेच खाडीतही होते. खेकड्यांच्या बिळांतून ऑक्सिजन खाली उतरतो, आम्ल तयार होते, चुनखडी कवचे विरतात. वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी मिलिअमिना, ट्रोकॅमिना ही फोरामिनिफेरा मात्र टिकतात. मग गाळ पाहणाऱ्याला वाटते, इथे पहिल्यापासून हीच राहत होती. लेखकांनी अस्तरे मोजली होती का? लेखात त्याचा उल्लेखही नाही.

उलट बाजूही आहे. भरतीबरोबर समुद्राकडची मेलेली कवचे आत वाहून येतात. नमुना घेतेवेळी कोण जिवंत होते हे ओळखायला 1952 पासून रोझ बेंगॉल हा रंग वापरतात. जुन्या थरांत तीही सोय नसते, म्हणून तिथे जास्तच जपून बोलायला हवे. प्रदूषण झालेच नसेल, असे मी म्हणत नाही. पण रिकामा थर हा त्याचा पुरावा होत नाही.

आणखी एक. 'फोरामिनिफेरा' म्हणून छापलेले चित्र डायटमचे आहे. डायटम ही शैवाले, त्यांचे कवच सिलिकाचे. शेजारी मोजपट्टीही नाही. अशीच चूक मी पूर्वी पत्राने कळवली होती, ते पत्र छापले गेले नाही. या वेळी निदान चित्राची दुरुस्ती तरी छापावी.

आपला,
एक जुना वाचक